दीड वीत

आमच्या जालन्यात फुटबॉलचे खांब चारच होते. सागवानी, सात-सात हात लांब, घडीव. क्लब मात्र दोन होते: कुंडलिका नदीच्या जुन्या वस्तीच्या काठावर शाहीन आणि कादराबादच्या बाजूला आमचा प्रताप. दोन खांब त्यांच्या वर्गणीचे आणि दोन आमच्या, असे थोरले सांगत. पण कोणते दोन कोणाचे हे माझ्या वेळेपर्यंत कोणालाच सांगता येत नव्हते. रिवाज असा होता की जो संघ हरेल त्याने चारही खांब उपसून, खांद्यावर घेऊन, कुंडलिकेच्या पात्रातून पल्याड न्यायचे आणि जिंकणाऱ्यांच्या मैदानात स्वतःच्या हातांनी रोवून द्यायचे. पुढचा सामना तिथेच. जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांना चहा पाजायचा. प्रत्येक फेरीनंतर एका खांबावर, गुडघ्याच्या उंचीला, एक बारीक खाच पाडली जाई. वरचा आडवा वेळू मोडला की नवा येई. त्याला किंमत नव्हती. मान होता तो खांबांना. हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंत चाले आणि पावसाळ्यात खांब उपसून जिंकलेल्या बाजूच्या एखाद्या घरी कोरड्यात ठेवले जात.

शाहीनमध्ये कचेऱ्यांतले कारकून, अर्जनवीस आणि त्यांचे भाऊबंद खेळत. प्रतापमध्ये आम्ही: जिनिंगमधले मजूर, गाडीवानांची मुले, दोन-तीन दुकानांतले मुनीम. त्यांच्याकडे बूट होते आणि आमच्याकडे चेंडू. चेंडू जिनिंगच्या शेठजींचा. तो दरसाल मुंबईहून येई. शेठजींच्या घराण्याला राजस्थान सोडून चार पिढ्या झाल्या होत्या. फुटबॉल त्यांना कळत नसे, पण सामन्याला ते पगडी घालून येत आणि शेवटपर्यंत उभे राहत. शाहीनवाले आम्हाला ‘सरकीवाले’ म्हणत, आम्ही त्यांना ‘अर्जीवाले’ म्हणत असू. त्यांचा फटका चुकला की आमच्याकडून कोणीतरी ओरडे, “अर्जी नामंजूर!” आमचा बचाव फुटला की पल्याडून उत्तर येई, “सरकीची ढेप संपली का रे बैलांची?” याला वैर म्हणता येणार नाही. परंतु सामन्याच्या आठवड्यात एका काठचा माणूस दुसऱ्या काठच्या न्हाव्याकडे जात नसे, हेही खरे आहे.

आमचे घर कादराबादच्या टोकाला, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर होते. आबा, म्हणजे माझे वडील, अंबडकडच्या एका खेड्यातले. जमीन भावांकडे ठेवून ते दोन बैलजोड्यांसह शहरात आले आणि आयुष्यभर जिनिंगचा कापूस ओढला. पहाटे जिनिंगचा भोंगा होण्याआधी घुंगरमाळा वाजत. मग दिवसभर इंजिनाचा एकसारखा ठोका. तो इतका सवयीचा होता की तो बंद पडला तर आई चुलीपुढून उठून दारात येई. आईला आम्ही माय म्हणत असू. हिवाळ्यात संध्याकाळी ती हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे करी, वर लसणाची फोडणी. सामन्याच्या दिवशी मात्र फक्त भाकरी आणि दही मिळे. जड पोटाने माणूस मार खातो, असे तिचे मत होते आणि ते बरोबर होते. माझा थोरला भाऊ नारायण प्रतापचा गोलरक्षक. मी त्याच्या पुढे, उजव्या बचावात. घरात तो कमी बोले, मैदानात त्याहून कमी.

शाहीनचा कप्तान रहमतभाई. कोर्टाबाहेर चटई टाकून उर्दूत अर्ज लिहून देण्याचा त्यांचा व्यवसाय. खांबांवरच्या खाचा तेच पाडत, दोन्ही संघांच्या वतीने, बोरूची कलम तासण्याच्या चाकूने. आमच्या घरी ते कधी सामना ठरवायला येत. त्यांचा कप मायने कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. हे आज लिहिताना बरे वाटत नाही. पण होते ते लिहितो.

निजामाचे राज्य संपवणाऱ्या पोलीस अॅक्शनच्या आधीच्या हंगामातला शेवटचा सामना आम्ही जिंकलो. शाहीनवाल्यांनी खांब आणून रोवले, पावसाळ्याच्या तोंडाला आम्ही ते उपसले आणि आमच्या गोठ्यात ठेवले. त्यानंतर काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. त्याची उजळणी मी करणार नाही. शाहीनचे काही जण हैदराबादेला गेले, दोघे कराचीला. काही कुठेच गेले नाहीत, पण घराबाहेर दिसेनासे झाले. कचेऱ्यांत भाषा बदलू लागली. रहमतभाईंची चटई कोर्टासमोरून उठली. कोणी म्हणे ते मंठ्याला बहिणीकडे आहेत, कोणी म्हणे गेले. पल्याडच्या मैदानात कडब्याच्या गंजी रचल्या गेल्या. पहिल्या दसऱ्याला आम्ही खांब रोवले आणि आपसांतच दोन बाजू करून खेळलो. त्यात दम नव्हता. दुसऱ्या दसऱ्याला खांब गोठ्यातच राहिले.

त्याच सुमारास नारायणचे लग्न ठरले. घरात एकच मोठी खोली होती, म्हणून आबांनी मागच्या अंगणात धाब्याची एक नवी खोली काढली. भिंती झाल्या, तुळयांना लाकूड हवे होते. आबा गोठ्यात गेले, खांबांवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, “किसन, करवत घेऊन ये.”

“आबा, क्लबाचे हायती ते.”

“क्लब कुठंय?”

“अर्धे शाहीनचे हायती. अमानत हाय.”

“गेलेल्या माणसाची अमानत कसली? सागवान आडवं पडून सडून राह्यलं, आन् मी बाजारात लाकूड धुंडू? चल, धर.”

खोलीच्या मापाला खांब दीड वीत लांब होत होते. करवतीचे एक टोक आबांनी धरले, दुसरे मी. कोणी मला धाक घातला नव्हता. मी विसाव्या वर्षात होतो आणि नको म्हणू शकत होतो. चारही खांबांची दीड-दीड वीत उतरली. ते तुकडे मायने हळदीच्या दिवशी पाणी तापवायला चुलवणात घातले. तुळयांवर आडव्या फांट्या, त्यावर तुराट्या, त्यावर पांढऱ्या मातीचा हातभर थर. उन्हाळ्यात गार राहणारी खोली झाली. वहिनी आली आणि त्या खोलीत नांदू लागली.

आणखी एक हंगाम गेला. मी प्रतापचा कप्तान झालो. आम्हाला बूटही मिळाले. शाहीनच्याच लोकांनी जाताना विकलेले, जुन्या बाजारातून घेतलेले. अशात एके दिवशी जुन्या काठचा एक टांगेवाला चिठ्ठी देऊन गेला. याआधी आव्हान नेहमी उर्दूत येई आणि शेठजींचे मुनीम वाचून दाखवीत. ही चिठ्ठी मराठीत होती. अक्षरे मोठी, एकेक थांबून काढलेली. ‘आम्ही पुन्हा अकरा झालो आहोत. खांब आपल्याकडे आहेत. दिवस कळवावा. रहमत.’

ती मी तीनदा वाचली. वहिनी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी, आष्टीला गेली होती. महिना-सव्वा महिन्यात लेकरू घेऊन ती त्याच खोलीत येणार होती. धाबे असे असते की त्याची एक तुळई काढता येत नाही. काढायचे तर सगळे उतरवावे लागते. मी कोणालाही न विचारता उत्तर पाठवले: सामना मान्य आहे, परंतु खांब वाळवीने खाल्ले. आयुष्यात मी फार खोटे बोललो नाही. जे बोललो त्यात हे सर्वांत अडाणी होते.

चार दिवसांनी रहमतभाई स्वतः आले. मयताच्या घरी यावे तसे आले. टोपी साफ, आवाज खाली. दाढी पांढरी झाली होती. नारायण जिनिंगवर होता, आबा गाडी घेऊन गेलेले. मी त्यांना ओट्यावर बसवत होतो, तेवढ्यात माय आतून म्हणाली, “उन्हात कशाला बसवतू? नव्या खोलीत बसव त्यायला, गार हाय.” ते आत जाऊन घोंगडीवर बसले.

“अफसोस झाला, किसन,” ते म्हणाले. “लई वर्षांची सोबत होती. पन एक बात समजली न्हाई. सागवानाला वाळवी? मी तर कधी ऐकलं न्हाई.”

“लागली खरी,” मी म्हणालो.

“जमाना बदलला म्हनायचं मंग.” असे म्हणून त्यांनी मान मागे टेकली आणि वर पाहिले.

त्यांच्या बरोबर डोक्यावर खाचांची ओळ होती. ती त्यांच्याच चाकूची होती. मी त्यांच्याकडे पाहत होतो, म्हणून मला ठाऊक आहे: त्यांचे ओठ हलत होते. ते खाचा मोजत होते. मायने धपाटे आणि दही आणले, मागून कोनाड्यातल्या कपात चहा. त्यांनी सगळे सावकाश खाल्ले. उठताना मायला म्हणाले, “खोली बढिया झाली, वैनी. सुनबाईला सुख लागो.” मला दारात म्हणाले, “खांब न्हाई तर न्हाई. दगडं ठेवून खेळू. आमची पोरं तशी बी बिनबुटाची हायेत.” एवढेच. त्यांनी मला शिवी दिली असती तर मी आज हे प्रकरण लिहीत बसलो नसतो.

त्या संध्याकाळी मी नारायणला सर्व सांगितले. त्याने शेंगोळ्याची थाळी पुरी केली, हात धुतला आणि विचारले, “हरलो तर खांब न्यावे लागतीन. मंग?”

“हरत न्हाई. त्यायला बूट न्हाईत, सराव न्हाई.”

“हरलो तर?”

जिंकलो तर खांब रिवाजानुसार आमच्याच काठी राहणार होते आणि ते आहेत की नाहीत हे कोणी विचारणार नव्हते. हरलो तर एकतर माझे खोटे पल्याड जाणार होते, नाहीतर भावाच्या डोक्यावरचे छप्पर.

सामना आमच्या मैदानात, जिनिंगच्या मागे झाला. दोन्ही काठांची माणसे आली. शाहीनचा संघ मी ओळखला नाही. रहमतभाई आणि आणखी तिघे जुने. बाकी रेल्वेच्या चाळीतली मुले, मिशनमधला एक उंच पोरगा, दोन भोई. निम्मे जण आपसांत मराठी बोलत होते. आमच्याकडेही त्या वर्षी कादराबादच्या मोमीनवाड्यातले दोघे आले होते. सरकीवाले आणि अर्जीवाले हा हिशेब कधी मोडला ते कोणाला कळले नव्हते. तरी आरोळ्या जुन्याच निघाल्या. “अर्जी नामंजूर!” म्हणून आमच्याकडचा एकजण ओरडला, तेव्हा रहमतभाईंनी वळून सांगितले, “आता मराठीत लिहितो बाबा, मंजूर होईल!” सगळे हसले. मीही हसलो असेन.

बूट घालून आम्ही वाईट खेळलो. तीन वर्षे खरा सामना न झाल्याने आमची धार गेली होती. ते अनवाणी होते आणि चेंडू पायाला चिकटल्यासारखा नेत होते. तरी बराच वेळ काही झाले नाही. जिनिंगच्या संध्याकाळच्या भोंग्याला सामना संपे; तो व्हायला थोडा अवकाश असताना मिशनचा पोरगा माझ्या डावीकडून निघाला. मी घसरलो. त्याने उंच फटका मारला आणि चेंडू दोन दगडांच्या मधून, नारायणच्या वरून गेला.

आता इथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. खांब-वेळू नसले की गोलाची उंची ठरवायला आमच्याकडे एकच मोजमाप होते: गोलरक्षकाचा वर केलेला हात. हात पुरण्याजोगा असेल तर गोल, त्याहून वर असेल तर नाही. आणि हे गोलरक्षकालाच विचारत. त्याचा शब्द अखेरचा. पंच होते शाळेचे ड्रिल मास्तर. आमची माणसे ओरडत होती, “वरून! वरून गेला!” चेंडू फार वर नव्हता, फार खालीही नव्हता. मला खाली पडल्या जागेवरून नक्की दिसले नाही. मास्तर नारायणजवळ गेले.

“नारायण, हात पुरला असता?”

नारायणने एकदा माझ्याकडे पाहिले. मग घराच्या दिशेने नाही, तर चेंडू गेला त्या दिशेने पाहिले, जणू तो अजून हवेत होता.

“पुरला असता,” तो म्हणाला.

सामना तिथेच संपला म्हणायला हरकत नाही. भोंगा झाला. रिवाजानुसार जिंकणाऱ्यांनी खांबांशेजारी उभे राहायचे असते. शाहीनचे अकरा जण दगडांशेजारी येऊन थांबले. नव्या पोरांपैकी एकाने विचारलेही, “चाचा, खांब?” रहमतभाई लगेच म्हणाले, “चलो, चलो. खांब न्हाई म्हून सांगितलं ना? जल्दी चला, दिवस गेला.” ते आम्हाला वाचवत होते आणि हे नारायणच्या लक्षात आले.

“थांबा, रहमतभाई,” तो म्हणाला. “खांब हायती. चार रोज द्या.”

घरी आल्यावर नारायणने आबांना एका वाक्यात सांगितले. मायने कपाळावर हात मारला. “येडे झाले का रे तुम्ही? लेकुरवाळी येईन ती. कुठं निजवू तिला? चेंडवाच्या खेळापायी कुणी घर मोडतं का?” आबा रागावले की बोलत नसत, म्हणून आम्ही दोघे ओट्यावर उभेच राहिलो. सकाळी भोंग्याच्या आधी मला घुंगरमाळेऐवजी फावड्याचा आवाज ऐकू आला. आबा धाब्यावर चढलेले होते आणि माती ओढत होते. मी खालून तुळईला हात लावायला गेलो, तसे ओरडले, “खालून हात लावू नको! आधी माती, मंग तुराट्या, मंग लाकूड. जसं चढवलं तसं उतरव. आन् करवतीला तूच होता ना? मंग मातीच्या पाट्या बी तूच उचल.” त्यानंतर त्या खांबांविषयी त्यांनी आयुष्यात शब्द काढला नाही.

तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी प्रतापच्या अकरा जणांनी खांब उचलले. पात्रात गुडघाभर पाणी होते. दुसऱ्या खांबाला पुढून नारायण होता, मागून मी. खांबांच्या भेगांत अडकलेली पांढरी माती पाण्याच्या शिंतोड्यांनी ओघळून माझ्या सदऱ्यावर येत होती. आमच्या संघातल्या कोणाला काय काय ठाऊक होते, मी विचारले नाही.

पल्याडच्या मैदानातल्या गंजी हलवलेल्या होत्या आणि खड्डे तयार होते. जुन्या मापाचे, दोन हात खोल. आम्ही पहिला खांब उभा केला आणि सर्वांना एकदमच दिसले. तो कमी होता. रहमतभाईंनी तो परत आडवा करायला लावला आणि ते जवळ येऊन बसले. त्यांनी बुंध्याचा कापलेला भाग पाहिला. करवतीचा काप स्वच्छ दिसत होता. मग खाचेपासून खालपर्यंत वितीने मोजले. मी समोर उभा होतो. त्यांच्या मागून एक पोरगा म्हणाला, “चाचा, ये तो छोटा है.”

रहमतभाई उठले, हाताची माती झटकली.

“हौ,” ते म्हणाले. “वाळवीनं दीड वीत खाल्लं. बाकी वाचलं, शुक्र करा.”

मी म्हणालो, “खड्डे वर घेऊ. कमी गाडू, म्हंजी उंची बराबर होईन.”

“नक्को. कमी गाडलं तर हालतीन. जेवढं हाय तेवढं बराबर हाय.” मग त्यांनी खिशातून चाकू काढला आणि ओळीच्या शेवटी एक खाच पाडली. चहा त्यांच्या घरी झाला. आमच्यासाठी त्यांच्याकडे वेगळे कप नव्हते. जे होते त्यांतून सर्वांनी घेतला.

खोलीवर आम्ही बाभळीच्या तुळया टाकल्या. त्या वाकड्या होत्या आणि पहिली दोन वर्षे एक कोपरा गळत राहिला. वहिनी लेकरू घेऊन आली, पाळणा दुसऱ्या कोपऱ्यात बांधला. तिने मला याविषयी कधी विचारले नाही. बाभळीच्या तुळया मात्र ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवी आणि त्यांकडे बोट करून म्हणे, “आमच्या घरात हात पुरतो कुठवर, ते सगळ्यायला ठाऊक हाय.” हे टोमण्याने की अभिमानाने, ते मी आजही ठरवू शकलेलो नाही.

त्यानंतर आठ-नऊ वर्षे सामने झाले. खांब कधी इकडे, कधी तिकडे. राज्य बदलले, पुन्हा बदलले. कचेरीतली माणसे बदलून गेली, नवी आली आणि ज्या काठी घर मिळाले त्या काठाकडून खेळली. शेवटी-शेवटी तरुण मुले व्हॉलीबॉलकडे वळली आणि एका हंगामात कोणत्याच काठावर अकरा भरले नाहीत. खांब त्या वर्षी कोणाकडे होते, ते मला आठवते. पण ते इथे महत्त्वाचे नाही. त्या सर्व वर्षांत जालन्याचा गोल दीड वीत कमी होता. इथे शिकलेली मुले चेंडू खालून मारायला शिकली. बाहेरगावचे संघ आले की त्यांचे फटके वेळूवरून जात आणि ते चिडून विचारत, की हा गोल असा बुटका का? त्यांना दोन्ही काठांकडून एकच उत्तर मिळे. शाहीनवाला असो की प्रतापवाला, तो गंभीर चेहऱ्याने सांगे, “वाळवी.” आणि पाहुणे माझ्याकडे वळले, तर मीही मान हलवून हो म्हणत असे.